प्रोबवालं मिन-मॅक्स थर्मामीटर, लिपिडच्या कपाटात आठ महिने

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

मार्चमध्ये ऑनलाइन मागवलं होतं, ११४९ रुपयांना. छोटा पांढरा डबा, मागे मॅग्नेट, त्यातून साधारण दीड मीटरची पातळ वायर निघते आणि वायरच्या टोकाला प्रोब. स्क्रीनवर आत्ताचं तापमान मोठ्या आकड्यात आणि खाली बारीक आकड्यात मधल्या काळात सगळ्यात कमी किती गेलं आणि सगळ्यात जास्त किती गेलं ते. बाकी रिव्ह्यूमध्ये बघाल तर कोणी फिश टँकला लावलंय, कोणी आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरला, एका काकांनी अंडी उबवायच्या पेटीत लावलंय आणि पिल्लांचा फोटो पण टाकलाय. आमचीही पिल्लंच म्हणा, फक्त आमची नऊशे ग्रॅम, सव्वा किलोची असतात. मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, इन्चार्ज सिस्टर आहे, पश्चिम विदर्भात, आणि हे मी लिपिडच्या बाटल्या ठेवायच्या कपाटासाठी घेतलं.

ज्यांना लिपिड म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खूप लवकर जन्मलेल्या बाळाला सुरुवातीचे काही दिवस पोटातून पुरेसं दूध झेपत नाही, मग टीपीएन, म्हणजे शिरेतून द्यायचं पोषण, चालू करतात, ग्लुकोज, अमिनो अ‍ॅसिड, क्षार वगैरे एका लाईनला आणि फॅटसाठी वेगळी सिरिंज, ती लिपिडची. दिसायला थेट दूध. आत तेल असतं, जुन्या प्रकारात नुसतं सोयाबीनचं, आता सोयाबीन, एमसीटी (मध्यम साखळीचं फॅट), ऑलिव्ह आणि फिश ऑइल असं मिश्रण पण येतं, आणि ते पाण्यापासून वेगळं होऊ नये म्हणून अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड घातलेलं असतं. स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे जमवलं, त्याच्या आधी सरकीच्या तेलाचं करून बघितलेलं पण त्याचा त्रास व्हायचा. आमच्याकडे सगळं शिवार सोयाबीनचं, तरी माझ्या नवीन मुलींना लिपिडमध्ये सोयाबीन असतं सांगितलं की पहिले हसतात.

तर या दुधातला तेलाचा एकेक थेंब सरासरी ०.३ मायक्रॉनच्या आसपास असतो. ते थेंब एकमेकांना चिकटून मोठे झाले, ५ मायक्रॉनच्या वर गेले, की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. म्हणून बाटलीवर छापलेलं असतं, २५ डिग्रीच्या खाली ठेवा, गोठू देऊ नका. हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून वाचतेय आणि इतकी वर्षं आमच्या कपाटात नक्की किती डिग्री असते हे एकदाही बघितलं नव्हतं, हे इथे कबूल करते. भिंतीवर थर्मामीटर होता, पण तो मी दिवसा अकरा वाजता एसी चालू असताना बघणार आणि रजिस्टरला २३ लिहिणार. रात्री तीनला तिथे कोण असतं?

डबा आल्यावर आधी बर्फाची टेस्ट केली. ती तुम्ही पण करा, काही लागत नाही. स्टीलच्या ग्लासात बर्फ बारीक कुटून भरायचा, वर थोडं पाणी, प्रोब मधोमध धरून ठेवायचा, ग्लासाला टेकू द्यायचा नाही, पाच मिनिटं. शून्य यायला पाहिजे. माझं ०.६ आलं. म्हणजे अर्ध्या डिग्रीहून थोडं जास्त दाखवतं, जास्त दाखवलेलं परवडतं, कमी दाखवलं असतं तर परत केलं असतं. तरी अलार्म मी २५ ला न लावता २४ ला लावला.

दुसरी गोष्ट, प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका. कपाट उघडलं की आकडा लगेच वर जातो, बंद केलं की खाली, बाटलीच्या आत काय चाललंय ते कळतच नाही. माझ्या डोक्यात आलं की एक्सपायर झालेली लिपिडची बाटली घ्यावी आणि तिच्यात प्रोब बुडवावा, म्हणजे बाटलीला जे वाटतं तेच आपल्याला दिसेल. आमच्या फार्मसीतले दादा ऐकून घेतल्यावर शांतपणे म्हणाले, सिस्टर, एक्सपायरीची बाटली चालू स्टॉकच्या फळीवर ठेवणार तुम्ही? लाल पेनने कितीही लिहा, रात्री घाईत कोणीतरी उचलेलच. बरोबर होतं त्यांचं. मग रिकामी बाटली धुऊन पाणी भरलं आणि त्यात कपड्याची नीळ घातली दोन थेंब. पांढऱ्या बाटल्यांच्या रांगेत एक गडद निळी, आंधळा पण चुकणार नाही. राउंडला नवीन आलेले सगळे विचारतात हे कोणतं ड्रग म्हणून.

आता पहिली रात्र. संध्याकाळी सहाला रिसेट करून घरी गेले, सकाळी आल्या आल्या बघितलं तर मॅक्स ३३.८. मार्चमध्ये! मला वाटलं डबा खराब निघाला. रिसेट केलं, दुसऱ्या दिवशी ३३.२. मग नाईटच्या मुलीला सांगितलं दर तासाला बघ, तेव्हा कळलं की नऊ वाजता स्टोअरचा एसी बंद होतो आणि दहापासून आकडा चढत जातो. आमचे वॉर्डचे मामा बंद करत होते, किती वर्षांपासून कोणास ठाऊक, आणि त्यांचं म्हणणं पण चूक म्हणता येत नाही, "मॅडम, आत त कोनीच नसते ना रातीले, मंग कायले चालू ठेवा एसी?" आणि वर त्या भिंतीच्या पलीकडे ऑटोक्लेव्ह, वाफेने सामान निर्जंतुक करायचा, तो रात्री चालतो, भिंतीला हात लावला तर कोमट. म्हणजे बाटल्या रोज रात्री शेकत होत्या आणि सकाळी मी २३ लिहीत होते.

गरमीने काय होतं तर दिसायला काहीच होत नाही, तीच अडचण आहे. बाटली तशीच पांढरीशुभ्र. आत हळूहळू तेल आणि फॉस्फोलिपिड तुटत जातं, फ्री फॅटी अ‍ॅसिड सुटतात, पीएच मुळात ८ च्या आसपास ठेवलेला असतो तो खाली यायला लागतो, आणि थेंबांना एकमेकांपासून लांब ठेवणारा जो चार्ज असतो तो कमी होतो. एका रात्रीत नाही होत हे, पण दोन वर्षांची एक्सपायरी २५ च्या खालच्या हिशोबाने दिलेली असते, रोज रात्री ३३ च्या हिशोबाने नाही. किती दिवस असं चाललं याचा हिशोब लागेना, फार्मसीशी बोलून तो सगळा लॉट वेगळा काढला, वापरला नाही. अकरा बाटल्या. अकाउंट्सवाल्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मग ठेवायचं कुठे? सगळ्यांचं पहिलं उत्तर, एनआयसीयूतच ठेवा की, तिथे चोवीस तास एसी. अहो पण एनआयसीयू आम्ही मुद्दाम २६ ते २८ वर ठेवतो, बाळं गार पडू नयेत म्हणून! जी खोली बाळाला बरोबर ती बाटलीला गरम. बाळाला लावलेली सिरिंज तिथे काही तास राहते त्याचं काही नाही, पण महिनोन्‌महिने स्टॉक तिथे नाही ठेवायचा. हे इतकं साधं आहे आणि मला स्वतःला तो निळ्या बाटलीतला आकडा २७.१ दिसेपर्यंत सुचलं नव्हतं. शेवटी ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, स्टराइल स्टोअरमध्ये एक फळी मिळाली, तिथला एसी बंद होत नाही आणि जनरेटरवर पण आहे. ओटीच्या सिस्टर आधी तयारच नव्हत्या, माझ्या कपाटात तुमची दुधाची दुकानं नकोत म्हणे, तरी दिली. तिथे मॅक्स २२.८ च्या वर गेलं नाही, अगदी नवतप्यात, बाहेर ४५ असताना, दुपारी लाईट गेलेली असताना सुद्धा. त्या नऊ दिवसांत मी रोज दोनदा जाऊन नुसती बघून यायचे, घरी कूलरसमोर बसून पण तोच आकडा डोळ्यांसमोर.

बॉक्स येतो तो प्रवास मात्र या थर्मामीटरच्या हातात नाही. होलसेलरकडून टेम्पोत, मे महिन्यात, भर दुपारी. एकदा बॉक्स उतरवून घेतला तर पुठ्ठाच गरम लागत होता. आता आम्ही सांगून ठेवलंय की एप्रिल ते जून सकाळी आठच्या आत माल आणा नाहीतर घेणार नाही, आणि आणतात बिचारे. बॉक्स आल्यावर एकेक बाटली उजेडासमोर धरून काचेला चीर आहे का बघतो, झाकणाच्या कडेला ओल आहे का बघतो. हा वेडेपणा नाही, जर्मनीत माइन्झच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये २०१० साली दूषित टीपीएन गेल्यावर तीन बाळं दगावली होती, पहिले सगळा संशय फार्मसीवर, आणि तपासात निघालं की एका द्रावणाच्या काचेच्या बाटलीला आधीच चीर गेलेली असणार आणि जंतू तिथून शिरले. पिशवीत येणारं पॅक असेल तर बाहेरच्या आवरणात ऑक्सिजन शोषणारी पुडी असते आणि काहींमध्ये इंडिकेटर पण असतो, तो काळा पडला की पिशवी बाद.

आता फ्रिजची गोष्ट, कारण जास्तीत जास्त लोक हे थर्मामीटर फ्रिजसाठीच घेतात. थंड म्हणजे सुरक्षित असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, दूध आहे, फ्रिजमध्ये टाका. जुलैमध्ये नवीन जॉइन झालेल्या एका मुलीने चांगल्या मनाने तीन बाटल्या वॉर्डातल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, घरगुती जुना फ्रिज, वर बर्फाचा कप्पा, आणि बाटल्या एकदम मागे बर्फाच्या पत्र्याला टेकलेल्या. नशीब की तेव्हा दुसरं थर्मामीटर तिथे होतं (पहिलं आवडलं म्हणून आणखी एक घेतलं होतं), सकाळी मिन बघितलं तर उणे २.८. बाटल्या बाहेर काढल्या तोवर सगळं पातळ झालेलं, हलवलं की पांढरं, एकसारखं. रेसिडेंट डॉक्टर म्हणाले, ठीक तर दिसतंय सिस्टर. मी खिडकीशी नेऊन आडवी केली आणि हळूच सरळ केली, तर मानेपाशी काचेला आतून बारीक बारीक पिवळसर ठिपके चिकटलेले, तेलाचे, फोडणीच्या कढईत पाणी टाकल्यावर तरंगतात ना तसे. तिघांपैकी एकीतच दिसले. तिन्ही टाकल्या. बर्फाचे खडे होताना तेलाचे थेंब एकमेकांवर दाबले जातात, वरचा पापुद्रा फुटतो, वितळल्यावर ते परत वेगळे होत नाहीत, आणि सगळं डोळ्याला दिसेलच असं नाही, म्हणून गोठली अशी शंका जरी असली तरी बाद, तपासत बसायचं नाही.

मी मुलींना दुधावरूनच समजावते. वर नुसती साय धरल्यासारखा थर आलाय आणि बाटली हळू उलटीसुलटी केल्यावर मिसळून गेला तर ते वेगळं, पण दूध फाटल्यासारखं झालं, पिवळं तेल सुटलं, तर ते परत कधीच जुळत नाही. आणि जोरात खदाखदा हलवू नका, ताक घुसळत नाहीये आपण.

थोडं विषयांतर होतंय पण फ्रिजवरून आठवलं ते लिहितेच, उघडलेल्या बाटलीचं. सव्वा किलो सोडा, १२०० ग्रॅमचं बाळ धरा, दिवसाला किलोमागे ३ ग्रॅम फॅट, म्हणजे ३.६ ग्रॅम, २० टक्क्यांच्या लिपिडचे १८ मिली, सिरिंज पंपावर ताशी ०.७५. बाटली १०० मिलीची. त्याहून छोटी आमच्या सप्लायरकडे मिळत नाही. उरलेल्या ८२ मिलीचं काय करायचं यावर प्रत्येक युनिटमध्ये भांडण होतं, बाटली स्वस्त नाही, आणि कोणीतरी म्हणतंच की कॅप लावून फ्रिजमध्ये ठेवू, उद्या वापरू. नाही ठेवायची. यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, आंबटपणा नाही, साखरेचा दाटपणा नाही, तेल आणि ग्लिसरीन आहे, जंतूंना अंगतपंगत. कॅन्डिडा, मॅलॅसेझिया, ग्रॅम निगेटिव्ह, सगळे खुशाल वाढतात. फ्रिजचा आकडा ४ आहे म्हणून उघडी बाटली चांगली राहत नाही, तिथे थर्मामीटर काही कामाचं नाही. आम्ही सकाळी लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेचं कपाट) त्या दिवशी ज्या ज्या बाळांना लागणार त्यांच्या सिरिंज एका बैठकीत भरतो आणि राहिलेली बाटली तिथेच टाकतो, सिरिंज आणि लाईन १२ तासांनी बदलतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००२ मध्येच नुसतं लिपिड १२ तासांत संपवा म्हटलं होतं, अगदीच जमत नसेल तर २४. रात्रीच्या सिरिंजसाठी पुन्हा नवी बाटली फुटते आणि जीवावर येतं, खोटं नाही बोलणार. पण पर्याय सापडलेला नाही.

आणि उजेड. कपाटाला काचेचं दार असेल तर आतून कागद लावा किंवा बाटल्या खोक्यातच राहू द्या. लिपिडवर उजेड पडला की पेरॉक्साइड तयार होतात, आणि आमच्याकडे तर शेजारच्या वॉर्मरला फोटोथेरपीचा, म्हणजे काविळीसाठीचा, निळा दिवा धडाधड चालू असतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना लिपिड किंवा अमिनो अ‍ॅसिड असलेलं टीपीएन देताना ते देऊन होईपर्यंत झाकलेलं पाहिजे, म्हणजे सिरिंज आणि लाईन दोन्ही. आम्ही आधी स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायचो, पण मग आत तेल सुटलंय का, बुडबुडा आहे का काहीच दिसत नाही, दर वेळी उलगडा, पुन्हा गुंडाळा. आता तपकिरी सिरिंज आणि तपकिरी एक्स्टेंशन लाईन घेतो, मधे १.२ मायक्रॉनचा फिल्टर. पंपावर लावलेली तपकिरी सिरिंज लांबून चहासारखी दिसते, एका आजोबांनी विचारलं होतं बाळाला चहा देता का म्हणून.

तर मूळ मुद्द्यावर, थर्मामीटरचे दोष. रिसेटचं बटण पुढेच आहे आणि जरा धक्का लागला तरी दबतं. ओटीच्या मावशी फडकं मारताना दोनदा मिन-मॅक्स पुसलं गेलं. आता त्यावर बाटलीचं झाकण उलटं करून टेपने चिकटवलंय. अलार्मचा आवाज मनगटी घड्याळाएवढा, दार बंद असेल तर बाहेर ऐकू येत नाही, त्याच्यावर विसंबू नका. सेल संपला की सगळी मेमरी जाते, आणि सेल संपत आल्यावर आधी आकडे फिके होतात, ते दिसलं की लगेच बदला. मॅन्युअल म्हणजे टाइमपास आहे, एका ठिकाणी लिहिलंय बटण तीन वेळा आनंदाने दाबा. मागे सेल्सियस-फॅरनहाइटचा खटका आहे, एकदा कोणीतरी हलवला आणि सकाळी ७२ बघून माझ्या पोटात गोळा आला.

सगळ्यात मोठं, ज्यासाठी स्टार कापला, याच्यासोबत कॅलिब्रेशनचं, म्हणजे आकडा तपासून बरोबर असल्याचं, सर्टिफिकेट येत नाही. ऑडिटला आलेल्या मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला. बर्फाच्या ग्लासाची गोष्ट सांगितली तर हसल्या, छान आहे म्हणाल्या आणि ऑब्झर्वेशन लिहून गेल्या. शिवाय हे मधल्या वेळाचं रेकॉर्ड ठेवत नाही, मॅक्स ३३ गेलं एवढं कळतं पण किती वाजता आणि किती वेळ ते नाही. ते पाहिजे तर डेटा लॉगर घ्यावा लागतो, यूएसबीला लावला की पीडीएफ निघते, तो याच्या चार-पाचपट किमतीत पडतो. आमच्याकडे आता सर्टिफिकेटवाला लॉगर फार्मसीच्या फ्रिजला आहे आणि कपाटाला हेच. लसींसाठी मात्र हे घेऊच नका, तिथे लॉगरच पाहिजे.

छोट्या नर्सिंग होमला, जिथे चार बाळं असतात आणि लिपिडच्या सहा बाटल्या पडून असतात, त्यांनी आधी हेच घ्यावं असं मी म्हणेन. लावा, आठ दिवस रोज सकाळी मॅक्स लिहा आणि रिसेट करा. एवढ्यात तुमच्या स्टोअरची रात्र कशी जाते ते कळून जाईल.

सेलरबद्दल, पॅकिंग ठीक, चार दिवसांत आलं. दुसऱ्या पीसचं सेलचं झाकण पहिल्याच महिन्यात मोडलं, रिप्लेसमेंट मागितली तर फोटो पाठवा म्हणाले, पाठवला, मग परत म्हणाले फोटो पाठवा. सोडून दिलं, मायक्रोपोर लावलाय. आज सकाळी कपाटात मिन २०.९, मॅक्स २२.४. तिसरं घ्यायचं होतं प्रसूती विभागाच्या ऑक्सिटोसिनच्या फ्रिजसाठी, तर आता हाच डबा १३९९ दाखवतोय.